आईने संशोधनात भाग घ्यावा का?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. आईला दमा आहे. संशोधनात सहभागी व्हा, असं रुग्णालयाचं पत्र आलंय. तिला इंग्रजी जेमतेम कळतं. ‘माझ्यावर प्रयोग करतील’ म्हणून ती घाबरली आहे. काय करावं?

उत्तर : आईंची भीती हसण्यावारी नेऊ नका, पण पत्रही बाजूला टाकू नका. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांना दम्यासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलं आहे, तरी संशोधनात ही माणसं कमीच दिसतात. त्याने मोजमापच चुकतं. नळीत जोरात फुंकायची असते त्या स्पायरोमेट्रीचंच उदाहरण घ्या. तिचे आकडे ज्याच्याशी ताडून पाहतात, त्या 2012 च्या जागतिक तक्त्यात भारतीयांचा स्वतंत्र गटच नव्हता. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा दोष तर अधिक गंभीर. 2020 च्या अमेरिकी अभ्यासात यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत 3.6, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के निघालं.

आधी मराठी दुभाषी मागा. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका; लेकरासमोर ‘नको’ म्हणायला आईंना जड जाईल. नवं औषध द्यायचंय की नुसती प्रश्नावली, रक्त किती घेणार, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, हे विचारून घ्या. सही केल्यावरही कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार चालूच राहतात, हे आईंना नीट सांगा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आईंचा इनहेलर बंद करू नका.