फी भरण्याआधी

सांगलीत ‘राज्यस्तरीय दिव्यांग पॉवरलिफ्टिंग’ स्पर्धेत मला सुवर्णपदक मिळालं आणि साताऱ्यात आमच्या चौकात फ्लेक्स लागला. पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला दिलं, तेव्हा कळलं की आयोजकांच्या संघटनेला मान्यताच नाही. स्पर्धेची फी गेली ती गेलीच, वर फ्लेक्सचे पैसे काकांनी दिलेले!

मग नियम मुळापासून वाचले. माझा पाय जन्मापासून अधू, त्यामुळे हा खेळ मला चालतो. पण 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आहे म्हणजे प्रवेश पक्का, असं नाही. वर्गीकरणाची तपासणी वेगळी असते. पॅरा पॉवरलिफ्टिंग पायांत किंवा कमरेखाली दोष असणाऱ्यांसाठी आहे. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य जिंकलं, पण त्यांचा दोष हाताचा. त्यांना हा खेळ चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्याच पेठचे मुरलीकांत पेटकर मूळचे बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये हायडलबर्ग पॅरालिम्पिकमधून सुवर्ण घेऊन आले. शरीर बघून खेळ निवडण्यात कमीपणा कसला?

खरी गंमत बाकाची, ज्यावर झोपून बार उचलायचा असतो. जिममधला बाक अरुंद, पाय जमिनीवर, टाच रेटली की जोर मिळतो. पॅरामध्ये पाय बाकावरच पसरलेले. हवं तर पट्ट्याने बांधायचे. म्हणून बाक 61 सेंटिमीटर रुंद, फक्त डोक्याकडे 30. पंचांनी ‘स्टार्ट’ म्हटल्यावर बार छातीवर आणायचा, तिथं स्थिर थांबवायचा आणि दोन्ही हात सारखे वर न्यायचे. एक कोपर मागे राहिलं की लिफ्ट बाद. असं तीनदाच. या पद्धतीने करायला लागलो तेव्हा बारवरच्या बऱ्याच प्लेटा उतरवाव्या लागल्या. जिममधल्या आकड्यावर भाळू नका.

पावडरच्या डब्यांचंही तसंच. डब्यावर न छापलेलं बंदी असलेलं औषध लघवीच्या तपासणीत सापडलं, तरी जबाबदार खेळाडूच. दुकानदार हात वर करतो.

स्पर्धेचं पत्रक आलं की ते घेऊन आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. आयोजक संघटना भारतीय पॅरालिम्पिक समितीशी संलग्न आहे का, एवढं विचारा. आयोजकांकडून संलग्नतेचं पत्र मागा. ते टाळाटाळ करू लागले, तर फी भरू नका.