ब्लॉकचेन आणि सरकारी दप्तर

पेढीच्या रोजमेळात मागील पानाची शिल्लक पुढील पानावर ओढली जाते. मागे कोणी खाडाखोड केली, तर पुढील एकही शिल्लक जुळत नाही व लबाडी उघडी पडते. ब्लॉकचेनचे मर्म हेच होय. फरक एवढाच, की ही वही एकाच दिवाणजीच्या हाती न राहता अनेक ठिकाणच्या संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. म्हणून एक प्रत बदलून कोणाचे काही साधत नाही.

जॉर्जिया देशाच्या सार्वजनिक नोंदणी खात्याने २०१६ साली बिटफ्युरी या कंपनीशी करार करून जमिनीच्या मालकीपत्रांस ही रीत लावण्यास आरंभ केला. मालकीपत्र खात्याच्याच दप्तरी राहते. त्यापासून गणिताने काढलेली ‘हॅश’ नावाची लहानशी खूण तेवढी बिटकॉइनच्या सार्वजनिक साखळीत नोंदली जाऊ लागली. मूळ पत्रातील एक अक्षर फिरविले, तरी खूण जुळत नाही.

यामुळे राज्यसत्ताच विकेंद्रित होते, असे कित्येक उत्साही मंडळी मानतात. मला ते पटत नाही. जमीन कोणाची, हे नोंदविण्याचा अधिकार खात्याकडेच राहिला. अनेकांत वाटली गेली ती केवळ साक्ष, आणि तीही नोंदीनंतरची. पोते तोलतानाच काट्यात खोट असेल, तर शंभर वह्यांतही तोच खोटा आकडा इमानाने उतरतो. (धान्याच्या व्यापाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको!) साखळीतील चुकीची नोंद पुसता येत नाही, दुरुस्तीची नवी नोंद करावी लागते, आणि वाद असेल तर तिच्यासाठी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.