थर्मोस्टॅट आणि घरातील वीजखर्च

मराठी वाचकाला पानिपत हे नाव 14 जानेवारी 1761 च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. त्या मोहिमेत शत्रू व उपासमार यांच्या जोडीला उत्तरेच्या थंडीनेही दक्षिणी सैन्याचे हाल केले. आज हरियाणातील हे शहर चादरी, गालिचे व घोंगड्या यांसाठी प्रसिद्ध असले, तरी तेथील हवामानाचा विषमपणा कायम आहे. मे-जूनमध्ये पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि जानेवारीच्या पहाटे तो अनेकदा 6-7 अंशांपर्यंत उतरतो. एकाच घराला वर्षातील काही महिने थंडाव्यासाठी आणि काही महिने उबेसाठी वीज लागते. विजेचा वापर वाढेल तसा पुढील युनिटांचा दरही चढत जातो. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला उन्हाळ्यातील बिल विशेष जड जाते.

हा खर्च पुष्कळ अंशी ज्या लहानशा भागावर अवलंबून असतो, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. त्याचे कार्य नळासारखे नसून पहारेकऱ्यासारखे आहे. खोलीतील हवा ठरविलेल्या अंशापर्यंत थंड झाली की तो कॉम्प्रेसर बंद करतो. ती पुन्हा तापू लागली की चालू करतो. यावरून एका सार्वत्रिक गैरसमजाचा उलगडा होतो. भर दुपारी बाहेरून आलेला मनुष्य खोली लवकर गार व्हावी म्हणून आकडा 16 वर नेतो. परंतु साध्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर 16 वर असो वा 26 वर, चालू असताना एकाच वेगाने चालतो. खोली लवकर थंड होत नाही. यंत्र थांबण्याची वेळ मात्र लांबते, आणि कडक उन्हाळ्यात ती वेळ बहुधा येतच नाही. वेग कमीजास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रातही आकडा खाली नेल्यास वेग मंदावण्याची संधी कमी होते.

आकड्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. बाहेर 42 अंश असताना आत 18 अंश राखायचे, तर फरक 24 अंशांचा. आत 26 राखले तर 16 अंशांचा. भिंती, छत व फटी यांतून आत शिरणारी उष्णता साधारणतः या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे ती एक तृतीयांशाने घटते. (उन्हाची व माणसांच्या अंगची उष्णता अर्थातच निराळी.) दीड टनाचे साधे यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे दीड युनिट खाते. रात्रीच्या आठ तासांत ते सतत चालले तर 12 युनिटे होतात, निम्मा वेळ थांबले तर 6. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. याच विचाराने 1 जानेवारी 2020 पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रांचा मूळ आकडा 24 ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घालण्यात आले. छतावरचा पंखा मंद गतीने चालू ठेवला, तर 26 अंशांतही बहुतेकांना सुखाने झोप लागते.

थर्मोस्टॅटला फक्त स्वतःजवळच्या हवेचे तापमान कळते. यंत्रासमोर पडदा लोंबत असेल, तर त्याला चुकीची वार्ता मिळते आणि यंत्र अवेळी थांबते. घरालगत सुताचे किंवा मागाचे काम चालत असेल, तर तंतूंनी जाळी लवकर भरते, वारा क्षीण होतो आणि खोली गार होण्यापूर्वीच बिल वाढते. अशा घरी जाळी दर पंधरवड्याला धुणे इष्ट.

हिवाळ्यात हाच भाग गीझरमध्ये काम करतो. 25 लिटर पाणी 15 अंशांवरून 65 पर्यंत तापविण्यास जवळजवळ दीड युनिट लागते, 50 पर्यंत एक युनिट. मात्र एवढ्यावरून अर्धे युनिट वाचले असे समजू नये. कारण अधिक कढत पाण्यात थंड पाणी अधिक मिसळले जाते. खरा तोटा होतो तो न वापरलेले पाणी टाकीत निवत राहिल्याने आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवीत राहिल्याने. म्हणून खुंटी मध्यावर ठेवावी, घरातील स्नाने एकापाठोपाठ उरकावीत आणि शेवटच्या स्नानापूर्वीच गीझरचे बटण बंद करावे.