एक्सएमएलच्या आतल्या डब्यातला डेटा कसा काढायचा? (पायथन, उद्योजकांसाठी)



आजचा विषय ऐकायला थोडा टेक्निकल आहे, पण त्याचा संबंध थेट तुमच्या गल्ल्याशी आहे. आधी एक प्रसंग सांगतो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून त्यांनी वर्षभराची बिलं एक्सएमएल फाइलमध्ये काढली आणि छोटीशी पायथन स्क्रिप्ट लिहून कोणता माल किती खपला याचा हिशोब केला. मेतकुटाची विक्री आली शून्य! ताई म्हणाल्या, "सर, मेतकूट बंदच करते आता." मी विचारलं, "मग घरातली मेतकुटाची पाकिटं जातात कुठे?" त्या गप्प झाल्या. पाकिटं तर दर आठवड्याला संपत होती.

स्क्रिप्ट चालली होती, कुठलाही एरर आला नव्हता, आणि तरीही उत्तर साफ चुकीचं होतं. एरर आला की आपण थांबतो आणि शोधतो. चुकीचा आकडा मात्र खरा मानून आपण निर्णय घेऊन मोकळे होतो. म्हणून आज ही चूक कुठे होते ते नीट समजून घेऊया. कोड मी व्हिडिओत ओळीओळीने टाइप करून दाखवलाय, इथे त्यामागची रीत बघू.

आधी फाइल वाचायला शिका

एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी डबा. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. टॅग मराठीतही चालतात, त्यामुळे आपला नमुना मराठीतच घेऊ:

<बिले>
  <बिल क्रमांक="१०१">
    <ग्राहक>
      <नाव>मंडईतलं दुकान</नाव>
    </ग्राहक>
    <माल>
      <वस्तू> <नाव>गोडा मसाला</नाव> <नग>१०</नग> <दर>१२०</दर> </वस्तू>
      <वस्तू> <नाव>काळा मसाला</नाव> <नग>५</नग> <दर>१५०</दर> </वस्तू>
      <वस्तू> <नाव>मेतकूट</नाव> <नग>२०</नग> <दर>६०</दर> </वस्तू>
    </माल>
  </बिल>
  <बिल क्रमांक="१०२">
    <ग्राहक>
      <नाव>केटरर</नाव>
    </ग्राहक>
    <माल>
      <वस्तू> <नाव>गोडा मसाला</नाव> <नग>५</नग> <दर>१२०</दर> </वस्तू>
    </माल>
  </बिल>
</बिले>

पायथनसोबत एलिमेंट-ट्री नावाचं मॉड्यूल येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ते फाइल वाचून या डब्यांचं झाड तयार करतं. यालाच पार्स करणं म्हणतात. झाड तयार झालं की आपलं काम एकच: हव्या त्या डब्यापर्यंत पत्ता सांगत जायचं.

नियम एकच: प्रत्येक पायरीवर विचारा, "एक की अनेक?"

कागद घ्या आणि फाइलचा पत्ता लिहा: बिले, मग बिल, मग माल, मग वस्तू, मग नाव. आता प्रत्येकापुढे खूण करा. बिल? अनेक. एका बिलात माल? एक. मालात वस्तू? अनेक. वस्तूत नाव? एक.

जिथे "एक" आहे तिथे फाइंड वापरायचं. जिथे "अनेक" आहे तिथे फाइंडऑल वापरायचं आणि लूप लावायचा.

ताईंची चूक इथेच झाली होती. बिलांसाठी त्यांनी लूप लावला, पण आत वस्तूसाठी फाइंड वापरलं. फाइंड पहिली वस्तू सापडली की थांबतं, बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. मेतकूट त्या नेहमी बिलात शेवटी लिहायच्या, त्यामुळे ते कधी मोजलंच गेलं नाही. वरच्या नमुन्यात त्या पद्धतीने विक्री येते १,२०० अधिक ६००, म्हणजे १,८०० रुपये. खरी विक्री आहे ३,७५० रुपये.

बरोबर रीत अशी:

प्रत्येक बिलासाठी:
  त्यातला माल घ्या
  मालातल्या प्रत्येक वस्तूसाठी:
    नाव, नग, दर घ्या
    त्या नावाच्या विक्रीत नग × दर मिळवा

"अनेक" दोनदा आलं, म्हणून लूपही दोन. पीएचपीच्या सिंपल-एक्सएमएलमध्येही हाच घोळ होतो. बाण लावत लावत नावापर्यंत गेलात तर ते निमूटपणे पहिल्या वस्तूचं नाव देतं.

नवशिक्यांचे नेहमीचे खड्डे

१. मुळाचं नाव पत्त्यात घालणं. फाइल पार्स करून मूळ हातात घेतलं की तुम्ही "बिले" या डब्यात आधीच उभे असता. पत्ता "बिल" पासून सुरू करा. पुन्हा "बिले" लिहिलंत तर काहीच सापडणार नाही.

२. कुठूनही शोधणं. इटर वापरलं तर ते सगळ्या पातळ्यांवरचे "नाव" गोळा करतं. मग मंडईतलं दुकान आणि गोडा मसाला एकाच यादीत! नाव सारखं असलं तरी कुठल्या डब्यातलं ते महत्त्वाचं. आधी वस्तूपर्यंत जा, मग तिचं नाव मागा.

३. चिठ्ठीवरचं आणि डब्यातलं. बिल क्रमांक हा वेगळा डबा नाही, तो चिठ्ठीवरच लिहिलाय. त्याला ॲट्रिब्यूट म्हणतात. तो गेट वापरून मिळतो, डब्यातला मजकूर टेक्स्टने.

४. डबाच नसणं. एखाद्या वस्तूला दर नसेल तर फाइंड "नन" देतं, आणि त्याचं टेक्स्ट मागितलं की स्क्रिप्ट कोसळते. फाइंडटेक्स्टमध्ये "नसेल तर हे दे" असं सांगता येतं. पण दर नसताना गपचूप शून्य धरू नका. अशा बिलाचा क्रमांक छापा आणि मूळ बिल तपासा.

५. आकडा की मजकूर? फाइलमधून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते. मजकूर "१०" आणि मजकूर "५" यांची बेरीज १५ नाही, "१०५" होते. आधी आकड्यात बदला. पैशांसाठी डेसिमल वापरलेलं चांगलं.

६. एक्सएमएल-टू-डिक्ट वापरताय? तिथे वस्तू तीन असतील तर यादी मिळते, एकच असेल तर यादी मिळतच नाही, थेट ती वस्तू मिळते. आपलं बिल १०२ तिथेच अडेल. त्यासाठी फोर्स-लिस्ट हा पर्याय द्यायचा.

टॅलीची फाइल असेल तर

टॅलीच्या एक्सएमएलमध्ये टॅलीमेसेजच्या आत व्हाउचर असतं, आणि मालाच्या ओळींच्या टॅगच्या शेवटी "डॉट लिस्ट" असतं. म्हणजे नावच सांगतंय: इथे अनेक असू शकतात, लूप लावा. तारीख आठ आकड्यांत सलग येते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दर आणि नगाला एकक चिकटलेलं असतं, ते वेगळं करावं लागतं. नावेच्या, म्हणजे डेबिटच्या रकमा वजा चिन्हासह येतात. वजा बघून परतावा समजू नका.

शेवटची पायरी कधीच सोडू नका

स्क्रिप्टने काढलेली एकूण विक्री तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या एकूण विक्रीशी जुळवा. दोन्हीकडे जीएसटीआधीची रक्कम धरा. बिलांची संख्या जुळवा आणि मालाच्या ओळींची संख्याही जुळवा. ताईंच्या फाइलमध्ये बिलांची संख्या अगदी बरोबर होती, म्हणून त्यांना शंका आली नाही. ओळी मोजल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं.

दुसरा लूप लावल्यावर मेतकूट त्यांच्या यादीत वरच्या मालात आलं. बंद करायचा विचार तिथेच थांबला.

तुमचा गृहपाठ: वरचा नमुना वहीत उतरवा. वस्तूनिहाय विक्री आधी हाताने काढा: गोडा मसाला १,८००, काळा मसाला ७५०, मेतकूट १,२००. मग स्क्रिप्ट लिहून हेच तीन आकडे आणा. ते आले की मगच स्वतःच्या व्यवसायाची फाइल उघडा, आणि तीही मूळ नाही, तिची कॉपी!

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!