विंडोजकडून लिनक्सकडे जाताना

संगणकाचे सर्व भाग ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारे काम करतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. एमएस-सीआयटीच्या वर्गात आपल्या विद्यार्थ्यांचा हात बसतो तो विंडोजवर. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या संगणकांवर, ते धडधाकट असूनही, रीतसर बसत नाही. म्हणून सोनईतल्या एखाद्या पालकाने उसनवारी करून नवा संगणक घ्यावा काय? आमच्या मते आधी लिनक्स वापरून पाहावी.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लायनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. तो कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा; मोल पडत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही त्यावर ‘बॉस’ ही प्रणाली उभारली. नवशिक्यांना आम्ही लिनक्स मिंट सुचवू. तिला निदान २ जीबी मेमरी हवी, ४ जीबी असल्यास बरे. पेन ड्राईव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. हार्ड डिस्कवरील काही पुसले जात नाही. तेवढ्यात वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतो का, हे पाहून घ्यावे.

खरी अडचण मात्र मराठी मजकुराची आहे. मंडळांचे जुने अहवाल, इतिवृत्ते, स्मरणिका अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन खुणा दिसतात! ओळखण्याची युक्ती सोपी आहे : मजकूर निवडून त्याला एखादा इंग्रजी फॉन्ट द्यावा. मराठी टिकली तर युनिकोड, विसकटली तर जुना फॉन्ट. अशा फाईली विंडोज पुसण्यापूर्वीच परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. ऱ्हस्व वेलांटी व रफार येथेच जास्त घोटाळा होतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती चिन्हे उच्चाराच्या नव्हे, दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात. व्यक्तिनामे तर दोनदा वाचावीत.

पुढचे सोपे आहे. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. पत्रे व हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये होतात, परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राऊजरमधून भरता येतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र एक संगणक विंडोजवरच राहू द्यावा.