प्रकल्पाचा नारळ फोडण्यापूर्वी



विहिरीला पाणी किती हे पाहिल्याशिवाय कुणी मोठी मोटार आणत नाही. कारखान्याच्या प्रकल्पाचेही तसेच. यंत्रांची ऑर्डर देण्याआधी कागदावर जो हिशेब आणि आराखडा होतो, त्याला पूर्व-अभियांत्रिकी अभ्यास म्हणतात.

डिस्टिलरीचे उदाहरण घेऊ. ४ लाख टन गाळपातून, साखर काढून उरलेली मळी ४ टक्के धरली, तर १६ हजार टन निघते. टनाला २२५ लिटरप्रमाणे अल्कोहोल झाले ३६ लाख लिटर. रोज ३० हजार लिटरची डिस्टिलरी उभारली, तर मळी १२० दिवसांत संपली! पुढे यंत्रे बंद, कर्जाचे व्याज मात्र चालू. ते शेवटी आपल्या उसाच्या दरातूनच जाते.

शिवाय लिटरमागे आठ-दहा लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची विल्हेवाट, पाणी, वाफ, जागा हेही आधीच ठरावे. कागदावरची चूक रबराने खोडता येते, पाया भरल्यावर ती फोडावी लागते.

तेव्हा सभेत ठराव आला की विचारा : कच्चा माल किती दिवसांचा? खर्च किती वाढू शकतो? ऊस कमी पडला त्या वर्षी हप्ता कशातून? उत्तर मिळाले, की मगच हात वर करा.