'कोणाच्या नावावर?' : जर्मन भाषेचा एक छोटा पाठ



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या कारकुनाला दिवसातून कितीतरी वेळा एकच प्रश्न विचारावा लागतो, 'खाते कोणाच्या नावावर आहे?' काही वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी पतीचे पासबुक घेऊन आल्या. घरकाम करून साठवलेले पैसे त्यांनीच त्या खात्यात भरले होते. परंतु खाते एकट्या पतीच्या नावावर, आणि वारसनोंदही केलेली नव्हती. "पैसे माझे, नाव त्यांचं," एवढेच त्या म्हणाल्या. वारसाचे कागद गोळा करण्यात त्यांचे कित्येक महिने गेले. म्हणून हा प्रश्न साधा समजू नये.

२०२४ साली महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. तेव्हापासून आपल्या खांदेश्वरच्या मुलांच्या हातातही जर्मनचे पुस्तक दिसू लागले आहे. परदेशी गेल्यावर भाडेकरार, बँक खाते, मोबाईल, मोटार अशा प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारला जाणार. तो जर्मनमध्ये असा विचारतात :

'आउफ वेसेन नामेन लॉइफ्ट दास कॉन्टो?'

'आउफ' म्हणजे वर, 'वेसेन' म्हणजे कोणाच्या, 'लॉइफ्ट' म्हणजे चालते. खाते कोणाच्या नावावर चालते? उत्तर : 'आउफ माइनेन नामेन', माझ्या नावावर. आपण 'नावावर' म्हणतो, जर्मन माणूसही 'नावावर'च म्हणतो. 'आउफ'नंतर येथे कर्माची विभक्ती येते, म्हणून 'माइन'चे 'माइनेन' होते, एवढे लक्षात ठेवावे.

आता निरनिराळ्या वस्तूंची क्रियापदे पाहू.

१) करार किंवा खाते : 'लॉइफ्ट'.
२) घर-जमीन : 'दास हाउस इस्ट आउफ देन नामेन माइनर मुटर आइनगेट्रागेन.' घर माझ्या आईच्या नावावर नोंदलेले आहे.
३) मोटार : 'दास आउटो इस्ट आउफ माइनेन ब्रूडर त्सुगेलासेन.' गाडी माझ्या भावाच्या नावावर आहे. येथे 'नामेन' शब्द गाळला तरी चालतो.

आपली मुले चुकतात ती इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे. इंग्रजीतल्या 'इन माय नेम'चे ती 'इन माइनेम नामेन' करतात. जर्मनमध्ये त्याचा अर्थ होतो 'माझ्या वतीने'. भाऊ माझ्या वतीने सही करतो, तेव्हा ते योग्य. पण भाडेकरार माझ्या नावावर आहे, हे सांगायला 'आउफ'च हवे. मायमराठीचे बोट धरले तर ही चूक होत नाही.

नोंद आणि मालकी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत घर विकत घेताना करार झाला, पैसे दिले, तरी 'ग्रुंडबुख' या जमीन-नोंदवहीत नाव चढल्याशिवाय मालकी मिळत नाही. उलट मोटारीच्या नोंदणीपत्रावर ते बाळगणारा मालक ठरत नाही, असे छापलेलेच असते. आपल्याकडे सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, केवळ फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही. बँकेतील वारसनोंदीचेही तसेच : नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते, परंतु कायदेशीर वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावावर राहते घर विकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिचा लाभ किती कुटुंबे घेतात?

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर कपाटातील कागद काढा. घर, खाते, विमा, गाडी, एकेकाचे नाव वाचा आणि वरील वाक्ये जर्मनमध्ये मोठ्याने म्हणा. भाषेचा सराव होईल. आणि 'आउफ देन नामेन माइनर मुटर' हे वाक्य एकाही कागदाला लागू पडत नसेल, तर त्याच संध्याकाळी वडिलांशी त्याबद्दल बोला.